आखाडातला फ्रीझर आणि बेचाळीस इंची महाशीर

प्रश्न :

नमस्कार. मी ४१ वर्षांचा, राहायला चिंचवडला. गळाचा नाद बाबांकडून आला. मार्चमध्ये मावळातल्या एका धरणावर, रीतसर परवाना काढून बसलो होतो, तेव्हा आयुष्यातला सगळ्यात मोठा महाशीर लागला. लांबी ४२ इंच, घेर २४ इंच. मी सोडणारच होतो. पण गळ कल्ल्यात रुतला होता, रक्त थांबेना, आणि मासा हातातच गेला. तेव्हापासून तो मित्राच्या हॉटेलच्या डीप फ्रीझरमध्ये आहे.

बाबा (वय ७४) म्हणतात, भुसा भरून हॉलमध्ये लाव. त्यांना स्वतःला दहा किलोच्या वर कधी मिळाला नाही, आणि हा मासा ते जवळजवळ आपलाच समजतात. मुलगी अकरावीत आहे. ती म्हणते, मेलेला प्राणी भिंतीवर लावलात तर मी मैत्रिणींना घरी आणणार नाही; यापुढे प्रत्येक मासा सोडायचा अशी शपथ घ्या. आई म्हणते, 'खायचा नाही तर पकडायचा कशाला? नुसता खेळवून सोडायचा तर त्या जिवाचं तोंड फाडायचं कशाला?' आणि हॉटेलवाला मित्र म्हणतो, आखाड लागलाय, मला मटणाला जागा हवी.

मी काय करू? या माशाचं, आणि पुढच्याचं?

– गळाला लागलेला, चिंचवड

उत्तर :

लांबी आणि घेर दोन्ही मोजलेत, शाबास. बहुतेक जण 'एवढा होता' म्हणून हात पसरतात, आणि दर वर्षी हात थोडे जास्त पसरतात. घेराचा वर्ग करायचा, लांबीने गुणायचं, ८०० ने भागायचं. मापं इंचात असली की उत्तर पौंडात येतं. तुमचा आकडा ३० पौंड, म्हणजे पावणेचौदा किलोच्या आसपास. बाबांचा दहा किलोचा विक्रम पोराने मोडला, आणि त्यांना हेवा वाटण्याऐवजी मासाच आपला वाटतोय. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात आवडलेलं वाक्य हे.

आता भुसा. माशात भुसा भरत नाहीत. कातडी सोलतात, आतली चरबी खरवडतात, टिकावी म्हणून औषध लावतात आणि माशाच्या आकाराच्या साच्यावर ती परत चढवतात. डोळे काचेचे. मुख्य अडचण रंगाची. मासा मेला की रंग उतरायला लागतो, कातडी वाळली की उरलासुरलाही जातो. खवल्यांवरची ती सोनेरी झाक, जिच्यासाठी आपण पहाटे चारला उठून थर्मास भरतो, ती कारागीर ब्रशने रंगवतो. म्हणजे बाबा रोज चहा पिताना ज्याच्याकडे बघणार, ती तुमच्या माशाची कातडी आणि वरून कुणाचं तरी रंगकाम. डोकं आणखी छळतं. ते तेलकट असतं, वाळताना आक्रसतं, आणि तेल पुढे वर्षानुवर्षं झिरपत राहतं. चार महिने फ्रीझरमध्ये राहिलेल्या माशाचे पर आणि शेपटी कडा सुकून तडकलेली असणार, तो खर्च वेगळा.

माझ्या मामांच्या दापोलीच्या घरी पडवीत असाच एक जिताडा होता. चांगल्या कारागिराकडून करवून आणलेला, शिसवी पाटीवर चढवलेला. पहिल्या पावसाळ्यात परांना बुरशी आली. तिसऱ्या पावसाळ्यात किडे. एका दिवाळीच्या साफसफाईत शेपटीचा तुकडा मामीच्या केरसुणीबरोबर गेला. मामी त्याला 'तुमचा पेशंट' म्हणायची, आणि मामा रागावायचे, पण नंतर पाहुण्यांना दाखवायचं त्यांनी स्वतःच बंद केलं. म्हणून भिंतीवर कातडी लावण्याच्या मी विरुद्ध आहे. मुलीची बाजू मला पटते, पण माझं पहिलं कारण तिच्यासारखं थोर नाही: आपल्या हवेत ती वस्तू दुःखी दिसते.

या माशासाठी माझ्याकडे दुसरी युक्ती आहे. जपानमध्ये तिला ग्योताकू म्हणतात. एकोणिसाव्या शतकापासून तिथले गळवाले मासा आणला की त्याला शाई लावून कागदावर त्याचा छाप घेत, बाजूला तारीख, जागा आणि स्वतःचं नाव लिहीत. छाप झाला की मासा धुऊन स्वयंपाकघरात. तुमच्या घरातल्या चार माणसांची आणि पाचव्या हॉटेलवाल्याची एवढी सोय दुसऱ्या कशात होणार नाही.

थंड पाण्यात ठेवून मासा सावकाश पूर्ण सुटा होऊ द्या, गरम पाणी नको. मीठ आणि व्हिनेगर चोळून अंगावरचा बुळबुळीत थर काढा, टिपून कोरडा करा. पर पसरून खाली थर्माकोलचे तुकडे लावा आणि टाचण्यांनी ताणून धरा. छाप बिघडतो तो बहुतेक परांपाशीच. शाई माकुळाची मिळाली तर उत्तम, नाहीतर खाण्याचा काळा रंग. स्टॅम्पपॅडची किंवा ऑफसेटची शाई अजिबात आणू नका, मासा खायचाय. हात अगदी पातळ मारा. कापड म्हणून बाबांचं एखादं जुनं मलमली धोतर धुऊन इस्त्री करून घ्या, माशावर पसरा आणि बोटांच्या टोकांनी डोक्यापासून शेपटीपर्यंत दाबत जा. खवला न खवला उमटतो. पहिला छाप फसतो, दुसरा बरा येतो, तिसरा चौकटीत जातो. डोळा उमटत नाही, तो शेवटी ब्रशने काढायचा असतो. तो बाबांना काढू द्या.

खवले फेकू नका. त्यांच्यावर झाडाच्या बुंध्यासारखी वलयं असतात आणि त्यावरून वयाचा अंदाज येतो. आपल्याकडच्या पाण्यात ती दरवेळी स्वच्छ वाचता येतात असं नाही, पण मुलीच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक असेलच. तिला मोजायला द्या. मासा किती वर्षांचा होता हे कळल्यावर ती तुमच्यावर आणखी रागावेल, त्याची तयारी ठेवा. घशातलं हाडही ठेवा. महाशीराच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. खेकडे नि शंख-शिंपले तो तिथे भरडतो. ते हाड उकळून साफ केलं की काडेपेटीच्या आकाराची झकास ट्रॉफी होते, आणि तिला बुरशी लागत नाही.

हे झालं मेलेल्याचं. पुढचा मासा मात्र सोडा. भिंतीसाठी मारू नका.

मोठा महाशीर बहुधा मादी असते. रोहू-कटल्याच्या मानाने महाशीर अंडी थोडी घालतो, आणि जी घालतो त्यातला मोठा वाटा या थोराड माद्यांचा. बाजारात आपण गाभोळीचा मासा निवडून घेतो ना, तसाच भिंतीचा गळवाला नकळत नदीतल्या आया निवडून काढत असतो. तेवढं एक कारण पुरेसं होतं, पण मला सांगायचंय ते कावेरीचं.

कावेरीवर गालिबोरे, भीमेश्वरी, दोड्डमक्कळी असे गळवाल्यांचे कॅम्प होते. मी २००५ च्या हिवाळ्यात एकदा जाऊन आलो. रागीच्या शिजवलेल्या पिठाचे लिंबाएवढे गोळे आमिषाला, आणि वाट दाखवायला तिथलेच मासेमार, जे पूर्वी हाच मासा विकून खात. नियम एकच: प्रत्येक मासा वजन करून, वहीत लिहून परत नदीत. त्या वह्यांना तेव्हा आम्ही हसायचो. भिजलेल्या हाताने कुणाचं अक्षर कुणाला लागायचं नाही.

पुढे गालिबोऱ्याच्या त्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. १९९८ ते २०१२ या वर्षांत तिथे सहा हजारांवर महाशीर पकडून परत सोडले गेले होते. त्यात असं दिसलं की कावेरीचा मूळ महाशीर, पाठीवर उंचवटा आणि केशरी पर असलेला, वर्षागणिक आकाराने मोठा मिळत होता. गळवाले खूश, फोटो झकास. पण तो संख्येने कमी कमी मिळत होता, आणि लहान मासे तर जवळजवळ येतच नव्हते. नदीत म्हातारे उरले होते, पाळणा हलत नव्हता. २०१८ मध्ये या माशाचं शास्त्रीय नाव पक्कं झालं, टॉर रेमादेवी, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला.

हाच तो मासा, ज्याच्यावर जुने साहेब जीव टाकत. १९१९ मध्ये रिव्हेट-कार्नॅक यांनी ११९ पौंडांचा पकडला. १९४६ मध्ये कबिनी नदीत जे. डी वेट व्हॅन इंगेन यांनी १२० पौंडांचा. योगायोग बघा, हे व्हॅन इंगेन म्हणजे म्हैसूरच्या त्या नामांकित घराण्यातले, ज्यांचा धंदाच राजेरजवाड्यांनी मारलेले वाघ-बिबटे जिवंत असल्यासारखे उभे करण्याचा. १९९९ मध्ये तो कारखानाही बंद झाला. शिकारी गेले, कारागीर गेले, मासा जायच्या वाटेवर आहे. तो जातोय हे कळलं ते मात्र सोडलेल्या माशांच्या नोंदींतून. भिंतीवरच्या माशाने एकदाच सांगायचं ते सांगून टाकलेलं असतं.

आता मुलीसाठी यातली कडू गोळी. कावेरीत त्या माशाची जागा घेतली कुणी? निळसर परांच्या महाशीराने, म्हणजे टॉर खुद्रीने, म्हणजे आपल्या घरच्याने! साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८३९ मध्ये त्याचं वर्णन केलं ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. १९७० च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला वळवणच्या तलावाजवळ त्याची पैदास सुरू केली. हेतू चांगला, काम मेहनतीचं, आणि आपल्याकडच्या तलावांना त्याचा उपयोगही झाला. पण पिल्लं परराज्यांत गेली, कावेरीतही सोडली गेली, आणि तिथे त्यांनी असं बस्तान बसवलं की मूळचा घरमालक आक्रसला. धरणं, वाळूउपसा आणि मासे मारायला उडवलेले जिलेटीनचे बार यांनी उरलेलं काम केलं. तेव्हा 'सोडला' म्हटलं की पुण्य जमा झालं, असं मी मानत नाही. कुठला मासा, कुठल्या पाण्यात आणि कोणत्या अवस्थेत सोडला, हे विचारायचं. धरणातला मासा हौसेने गावच्या तळ्यात नेऊन सोडणारे भूतदयावाले मला माहीत आहेत, त्यांच्यातले तुम्ही होऊ नका.

अवस्थेबद्दल बोलायचा मला अधिकार आहे, कारण मी घाण केलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका एप्रिलमध्ये, भर दुपारी, मला आठ किलोचा महाशीर लागला. पातळ दोऱ्यावर वीस मिनिटं खेळवला, कारण दोरा पातळ असला की फुशारकी जास्त. मग काठावरच्या गरम खडकावर ठेवून गळ काढला. मग फोटो. मग कॅमेऱ्याची कॅप लेन्सवरच राहिली होती म्हणून परत फोटो. जबड्याला धरून उभा टांगून तिसरा फोटो. शेवटी पाण्यात ढकलला, तो हळूच गेला, आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या वळणावर तो पोट वर करून तरंगत होता. मारून खाल्ला असता तर निदान सहा माणसं जेवली असती.

म्हणून जाड दोरा घ्या आणि मासा लवकर काठाला आणा. तीन टोकांचा गळ काढून टाका, एक टोक पुरे, आणि त्याची उलटी नांगी, म्हणजे टोकामागचा उलटा काटा, पक्कडीने दाबून सपाट करा. तुमचा हा मासा कदाचित तिच्यामुळेच गेला. गळ खोल गेला असेल तर खेचाखेच न करता दोरा कापा. हात ओले करा, फडकं लावू नका, खवल्यांवरचा थर हेच त्याचं चिलखत. मासा पाण्यातच ठेवा. फोटोसाठी उचलायचाच असेल तर आपण स्वतः श्वास रोखून उचला, आपल्याला गुदमरलं की त्यालाही पुरे. दोन्ही हातांवर आडवा, उभा कधीच नाही. सोडताना तोंड प्रवाहाकडे, आणि तो स्वतःहून शेपटीचा फटका मारून जाईपर्यंत हात काढायचा नाही. वैशाखात, पाणी तापलेलं असताना, महाशीराच्या मागे जायचंच नाही. गरम पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि दमलेला मासा सावरत नाही. पावसात तो अंडी घालायला वर चढतो, तेव्हाही त्याला वाट मोकळी द्या.

पुढचा याहून मोठा लागला आणि तो भिंतीवर हवाच झाला, तर लांबी, घेर आणि दोन्ही बाजूंचे फोटो घेऊन फायबरची प्रतिकृती करता येते. परदेशात हल्ली बरेच गळवाले तेच करतात. आपल्याकडे प्रत्येक चौकातला पुतळा फायबरमध्ये घडवणारे हात आहेत, मासा त्यांना काही जड नाही. आंतरराष्ट्रीय गळ संघटना, आयजीएफए, २०११ पासून लांबी मोजून सोडलेल्या माशांचे विक्रमही मानते. विक्रमासाठीसुद्धा आता मासा मरावा लागत नाही.

आईंच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. गंमत म्हणजे जर्मनी आणि स्वित्झर्लंड आईंच्या बाजूचे आहेत. सोडण्याच्याच इराद्याने मासा पकडणं स्वित्झर्लंडने २००९ पासून बेकायदा ठरवलं, आणि जर्मनीतही ते प्राणिरक्षण कायद्यात बसत नाही. तिथला विचार असा की जनावराला त्रास द्यायला सबळ कारण लागतं; पोट हे कारण आहे, मौज नाही. आईंनी तेच दोन वाक्यांत सांगितलंय. मी विचार करून अर्धा त्यांच्याकडे झुकलो. त्यामुळे दिवसाला एक महाशीर लागला की गळ गुंडाळतो, मग वाजले कितीही असोत. बाकीचा वेळ चिलापी धरतो. बाहेरून येऊन आपल्या प्रत्येक धरणात माजलेला मासा, हवा तेवढा न्या, तळून खा, मनाला टोचणी नको. आईंना दर रविवारी चिलापी मिळाली तर खेळवण्याबद्दलचा त्यांचा राग बराच उतरेल. पूर्ण नाही.

आणि त्यांना नि मुलीला एकदा वाडा गावाजवळ तिळशाला घेऊन जा, किंवा महाडकडे वाळण कोंडीला. तिथले महाशीर देवाचे. कुणी गळ टाकत नाही, जाळं लावत नाही, आणि काठाशी उभं राहून मोठे मासे शांतपणे फिरताना दिसतात. बाबांना मात्र नेलंत तर हात खिशात ठेवायला सांगा.

बाबांशी बोलताना भिंतीचा विषय थेट नाकारू नका. त्यांना हवंय ते एवढंच, की आलेल्या प्रत्येकाने विचारावं, 'हा कोणी पकडला?' धोतरावरचा छाप ते काम करतो, उलट जास्त, कारण त्यावर डोळा त्यांनी काढलेला असणार. खाली दोघांचीही नावं लिहा.

राहता राहिला मित्र. चार महिन्यांचं भाडं म्हणून त्याला रश्श्याचा मोठा डबा द्या. मासा चार महिने टणक गोठलेला राहिला असेल आणि सुटा झाल्यावर वास नसेल तरच, शंका आली तर सरळ आंब्याच्या मुळाशी पुरा, छाप तोवर झालेला असेल. काटे बारीक आहेत, आईंना माहीत असेल. सगळं दीप अमावास्येच्या आत उरका. त्यानंतर तुमच्या घरात गणपती जाईपर्यंत त्या माशाला कुणी हात लावणार नाही.